करवतीचे घराणे

मराठी माणसाने करवतीवर जेवढा अन्याय केला आहे, तेवढा दुसऱ्या कुठल्याही हत्यारावर केलेला नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ झाला खरा, पण त्या निमित्ताने कुऱ्हाड शाळेच्या निबंधात जाऊन बसली. विळ्याला भोपळ्याची जोडी मिळाली. तलवारीबद्दल तर बोलायलाच नको. तिला पोवाडे मिळाले, चौकाचौकांतल्या पुतळ्यांचे हात मिळाले. करवतीच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आले : जाता कापते, येता कापते. तेही कोणी कौतुकाने म्हणत नाही.

मी बँकेत कारकून आहे. हे वाक्य मी गेली वीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसून ऐकत आलो आहे. ठेवीला व्याज कमी आणि कर्जाला जास्त, हे लक्षात आले की बाहेरच्या बाजूचे गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "म्हणजे तुमची बँक म्हणजे करवतच की हो! जाता कापते, येता कापते!" यावर काय उत्तर द्यावे, हे बी.कॉम.च्या तीन वर्षांत कोणी शिकवले नव्हते. शेवटी आमच्या शाखेत कामाला आलेल्या एका म्हाताऱ्या वाढईने माझी सुटका केली. सुताराला आमच्याकडे वाढई म्हणतात, आणि वयाने मोठा असला तर मामाजी. मामाजी म्हणाले, "खोटं हाय ते सायेब. हातची करवत एकाच अंगानं कापते. दुसऱ्या अंगानं नुसती येते."

तेव्हापासून मी करवतीच्या पक्षात आहे. हातकरवतीचे दाते खरोखरच एका दिशेला कललेले असतात. विलायती करवत पुढे ढकलताना कापते आणि मागे येताना दम खाते. जपानी करवत ओढताना कापते. जमिनीवर बसून, पायाने फळी दाबून धरणाऱ्या आपल्या जुन्या कारागिरांच्या करवतीही बहुधा ओढूनच कापत. दोघांनी दोन टोके धरून ओंडका आडवा कापायचा, तो लांबलचक करवत तेवढा दोन्हीकडून कापतो. बाकी सगळ्यांचा अर्धा वेळ कामाचा आणि अर्धा वेळ परतीच्या प्रवासाचा. ज्या हत्याराचे वेळापत्रक इतके हुबेहूब कचेरीसारखे आहे, त्याला आपण क्रूर म्हणतो!

दात्यांची आणखी एक गंमत मामाजींनी दाखवली. करवत उलटी धरून डोळ्यांच्या रेषेत पाहिली, तर एक दाता किंचित डावीकडे वळवलेला दिसतो आणि त्याच्या शेजारचा उजवीकडे. सगळे दाते शिस्तीत सरळ उभे राहिले असते, तर पाते लाकडातच आवळून बसले असते. एकाने इकडे आणि एकाने तिकडे ओढल्यामुळे कापाची वाट पात्यापेक्षा जरा रुंद होते आणि काम पुढे सरकते. आमच्या शाखेतल्या दोन युनियनकडे मी त्या दिवसापासून आदराने पाहू लागलो.

एवढे शहाणे हत्यार पहिल्यांदा कोणाला सुचले असेल? ग्रीकांच्या पुराणात याचे उत्तर आहे. डीडॅलस नावाचा मोठा कारागीर होता. त्याचा भाचा त्याच्या हाताखाली शिकत होता. भाच्याने एकदा माशाचा काटा पाहिला आणि तसेच दाते लोखंडाच्या पट्टीला पाडले. झाली करवत! मामाला याचा एवढा आनंद झाला, की त्याने भाच्याला अथेन्सच्या टेकडीवरून खाली ढकलून दिले. देवी अथेनाने पडता पडता त्याचा तित्तर पक्षी केला, म्हणून तो वाचला. हाताखालच्या माणसाला नवी कल्पना सुचली तर वरच्याने काय करावे, याबाबतचे धोरण इतके जुने आहे. फरक एवढाच, की हल्ली टेकडीवरून ढकलत नाहीत, बदली करतात.

पुराण बाजूला ठेवले तर इजिप्तच्या थडग्यांत आणि आपल्या मोहेंजोदडोच्या मातीत तांब्याच्या करवती मिळाल्या आहेत. म्हणजे करवत नाण्यापेक्षा जुनी आणि बँकेपेक्षा तर फारच जुनी. पुढे आपल्या लोकांनी तिला थेट मोक्षाच्या कामाला लावले. काशीला जाऊन करवतीखाली देह ठेवला की मुक्ती मिळते, अशी समजूत होती. करवतीचे नाव सांगणारे देऊळ काशीत आजही आहे. घराघरांतून 'काशीला जाऊन करवत घेईन' ही धमकी सासूसुनांनी एकमेकींना किती वेळा दिली असेल, याचा हिशेब नाही. तिकिटाचे पैसे लागतात म्हणून बहुतेक प्रकरणे धमकीवरच मिटली.

आमच्या भागातल्या विणकरांनी मात्र करवतीचा मान राखला. विदर्भाची करवतकाठी साडी आपण ऐकली असेल. अंग टसरचे आणि काठाला करवतीसारखे दाते. हे दाते छापलेले नसतात. काठाचा धागा आणि अंगाचा धागा वेगवेगळ्या धोट्यांनी एकमेकांत अडकवत विणले की दाते उमटतात. टसरचा किडा ऐनाच्या आणि अर्जुनाच्या पानांवर वाढतो. ही झाडे आमच्या जंगलातली, आणि ते किडे सांभाळणारे ढिवर आमच्या गावांतले. म्हणजे ज्या जंगलाला करवत लागली, त्याच जंगलाच्या रेशमाला करवतीचा काठ लागला. नववधूच्या अंगावर हत्याराचे चित्र घालणारा आणि त्याला सुंदर म्हणणारा आमच्याइतका धीट जिल्हा दुसरा नसेल.

हे सगळे मी चंद्रपुरात बसून लिहितो आहे, हे सांगायचे राहिलेच. जुने नाव चांदा. १९६४ साली त्याचे चंद्रपूर झाले आणि १९८२ साली पूर्वेकडचा भाग वेगळा काढून गडचिरोली जिल्हा झाला. कापाकापी कागदावरच झाली, जंगलाला त्याचा पत्ता लागला नाही. गडचिरोलीचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग आजही जंगल आहे आणि आलापल्ली, अहेरी, सिरोंचा, बल्लारशा ही नावे लाकडाच्या व्यापाऱ्याला तीर्थक्षेत्रांसारखी पाठ असतात. इथला साग हा जगातल्या उत्तम सागांपैकी एक. तेव्हा करवतीच्या घराण्याचा इतिहास लिहायचा तर तो इथेच बसून लिहायला हवा.

या घराण्यातले आजोबा म्हणजे आरा. माणसापेक्षा उंच, दोन टोकांना दोन मुठी. मोठा ओंडका खड्ड्यावर किंवा उंच घोडीवर आडवा चढवायचा, दोरीला गेरू लावून त्यावर सरळ रेघ मारायची, एक माणूस ओंडक्याच्या वर उभा राहणार आणि दुसरा खाली. वरचा रेघेवर नजर ठेवतो आणि आरा वर उचलतो. खालचा तो खाली ओढतो. कापले जाते ते खाली ओढताना, आणि सगळा भुसा पडतो तो खालच्याच्या डोळ्यांत. रेघ वाकडी गेली तर बोलणी खालच्याला. फळी सरळ निघाली तर शाबासकी वरच्याला. माझ्या वाचकांपैकी जे नोकरी करतात, त्यांना यापेक्षा अधिक वर्णनाची गरज नाही.

या आऱ्याला इंग्रजांनी कामाला जुंपले. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ साली कंपनी सरकारने खालसा केले, त्यात चांदा आला. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबई ते ठाणे आगगाडी धावली होती, आणि आगगाडीला कोळशाइतकीच लाकडाची भूक होती. एका किलोमीटर रुळाखाली दीड हजारांवर स्लीपर लागतात. देशभरच्या जंगलांत हे स्लीपर माणसांनी हातांनी आरे ओढून कापले. लाकूड संपेल की काय, या भीतीने सरकारने १८६४ साली ब्रँडिस नावाच्या एका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाला हिंदुस्थानच्या जंगलांचा पहिला महानिरीक्षक नेमले. हा गृहस्थ ब्रह्मदेशातल्या सागाची जंगले सांभाळून आला होता. पाठोपाठ १८६५ साली पहिला वन कायदा आला, १८७८ साली दुसरा आणि १९२७ साली तिसरा. तो तिसरा अजून चालू आहे. आमच्या बँकेची परिपत्रके सहा महिने टिकत नाहीत, त्या मानाने हा कायदा सागासारखाच टिकाऊ निघाला.

साग कापणे हे काम साधे नाही. सागाच्या लाकडात वाळूचा अंश असतो, सिलिका म्हणतात तो. त्याने करवतीचे दाते लवकर बोथट होतात. म्हणजे झाड मेल्यावरही शेवटपर्यंत विरोध नोंदवत असते. आरा ओढणाऱ्यांच्या दिवसाचा बराच वेळ कानस घेऊन दाते घासण्यात जाई. त्यात भुशाचा हिशेब वेगळाच. समजा एक इंच जाडीच्या फळ्या काढायच्या आहेत आणि प्रत्येक कापात अष्टमांश इंच लाकडाचा भुसा होतो. म्हणजे दर नऊ भागांत आठ भाग फळी आणि एक भाग भुसा. शंभर रुपयांच्या लाकडात अकरा रुपयांचा भुसा! आमच्या भाषेत याला प्रोसेसिंग फी म्हणतात.

पण व्यापारी माणूस तोटा सोसत नसतो, त्याने याची तजवीज आधीच केली होती. उभ्या आयुष्यात मला गणिताने इतका आनंद कधी दिला नाही, म्हणून हे सविस्तर सांगतो. गोल ओंडक्याचे घनफूट काढण्याची लाकूडव्यवहारातली जुनी रीत अशी : दोरीने घेर मोजायचा, त्याचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणायचे आणि मग लांबीने गुणायचे. १७३६ साली लंडनमध्ये एडवर्ड हॉपस नावाच्या माणसाने याची कोष्टके छापली, तेव्हापासून त्याचेच नाव या मापाला मिळाले. आता शाळेतले वर्तुळाचे सूत्र वापरून ताळा करून पाहा. ओंडक्यात खरे लाकूड शंभर असेल, तर हॉपससाहेबांच्या हिशेबाने ते साडेअठ्ठ्याहत्तर भरते. बाकीचे साडेएकवीस कुठे गेले? ते साल, कडा आणि भुसा यांच्या नावाने करवत लागायच्या आधीच सोडून दिलेले असतात. विकत घेणाऱ्याला भुशाची एवढी काळजी घेणारे गणित मिळाले. खड्ड्यात उभे राहून तो भुसा डोळ्यांत घेणाऱ्यासाठी मात्र कोणी कोष्टक छापले नाही.

लाकूड ओढायला हत्ती होते. अहेरी तालुक्यात कमलापूरला सरकारी हत्ती कॅम्प आहे, राज्यातला एकमेव. तिथले हत्ती पूर्वी जंगलातून ओंडके ओढून आणत. हे काम थांबले, तरी हत्ती सरकारी सेवेत राहिले आणि पाहुणे त्यांना बघायला जातात. निवृत्तीनंतर लोक भेटायला येतात, असे सरकारी नोकर मी तरी दुसरे पाहिलेले नाहीत.

१९२७चा कायदा वाचण्यासारखा आहे. त्यातल्या एकेचाळिसाव्या कलमात लाकूड कापायच्या खड्ड्याचाही उल्लेख येतो. ठरावीक हद्दीत असे खड्डे करायला बंदी घालण्याचा अधिकार सरकारला आहे. नुसता खड्डा खणला तर गुन्हा कसला, असे आपल्याला वाटेल. पण ज्याने हे लिहिले त्याला पक्के ठाऊक होते, की लाकूड हातोडीच्या सरकारी शिक्क्याने ओळखता येते ते ओंडका असेपर्यंत. एकदा फळ्या झाल्या, की कुठल्या झाडाच्या हे खुद्द झाडालाही सांगता येणार नाही. पुढे बावन्नाव्या कलमात वनगुन्ह्यात जप्त करायच्या वस्तूंची यादी आहे : हत्यारे, होड्या, गाड्या, गुरे. म्हणजे चोरीच्या लाकडाबरोबर करवत सापडली तर तीही पकडली जाते. चोर जामिनावर सुटून घरी जातो. करवतीला जामीन कोण राहणार? ती मुद्देमालाच्या खोलीत तारीख पडेपर्यंत गंजत पडते.

आजोबांनंतर घराण्यात पैसेवाले काका आले : आरागिरणी. १८०८ साली विल्यम न्यूबेरी नावाच्या इंग्रजाने चाकांवरून गरगर फिरणाऱ्या अखंड पट्ट्याच्या करवतीचे पेटंट घेतले. तो पट्टा न तुटता फिरवण्याइतके पोलाद तयार व्हायला पुढे कित्येक वर्षे गेली, पण एकदा तो फिरला तो फिरलाच. आता परतीचा प्रवास राहिला नाही. पट्टा सतत एकाच दिशेला कापत सुटतो. आमच्याकडे तिला आरामशीन म्हणतात. या शब्दात आराम कोणाला आहे, हे मला अजून कळलेले नाही. झाडाला तर नाहीच.

इथे एक गोष्ट लक्षात येते. दोन माणसांच्या आऱ्याला एक मर्यादा होती. ती सरकारने घातलेली नव्हती, छातीच्या भात्याने घातलेली होती. दम लागला की आरा थांबे. माणसे पाणी पीत, तंबाखू मळीत, कानस घेऊन दाते घासत. तेवढ्या वेळात जंगल जरा श्वास घेई. मशीनला दम लागत नाही. मग तिला थांबवायला कायदा लागतो. केरळातल्या निलंबूरच्या राजघराण्यातले गोदावर्मन तिरुमुलपाद निलगिरीकडच्या जंगलतोडीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या खटल्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी आदेश झाला, की जंगलात आरागिरणी चालवणे हे वनेतर काम आहे आणि केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय ते चालणार नाही. देशभरच्या आरागिरण्यांचे परवाने तेव्हापासून कडक तपासणीखाली आले. दम लागण्याचे जे काम पूर्वी फुप्फुस फुकटात करीत होते, ते आता सर्वोच्च न्यायालयाला करावे लागते.

आणि आता या घराण्यातले शेंडेफळ. आमच्या शाखेचे रूप पालटायचे ठरले तेव्हा त्याची माझी ओळख झाली. साहेबांच्या केबिनला नवी भिंत आणि वर नवे छत हवे होते. चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. वातानुकूलन लावायचे तर छत खाली आणावे लागते. टेम्पोतून पांढऱ्या पाट्या उतरल्या. दोन्हीकडे जाड कागद आणि मध्ये जिप्सम नावाची दाबलेली खडी. १८९४ साली ऑगस्टीन सॅकेट नावाच्या अमेरिकनाने कागद आणि प्लास्टर यांचे थर देऊन अशी पाटी करण्याचे पेटंट घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घाईने घरे बांधायची होती, तेव्हा ओले प्लास्टर वाळण्याची वाट पाहायला कोणाला वेळ नव्हता. ही कोरडी भिंत तिथे घरोघर गेली आणि तिथून निघून सावकाश आमच्या केबिनपर्यंत आली.

ही पाटी सरळ कापायला करवत लागतच नाही. सुरीने वरचा कागद चिरायचा आणि गुडघ्यावर मोडायची, पापडासारखी. करवत लागते ती मधोमध दिव्याचे किंवा बटणांच्या पेटीचे भोक पाडायला. त्यासाठी मामाजींच्या मुलाने खिशातून जे काढले, ते पाहून मला आधी स्वयंपाकघरातली सुरी वाटली. वीतभर पाते, खंजिरासारखे टोक, दाते जाडे आणि विरळ. टोक पाटीवर टेकवून मुठीवर तळव्याचा एक ठोसा दिला, की पाते आरपार. मग चार वेळा पुढेमागे केले, की बटणाची जागा तयार. पांढरी धूळ साहेबांच्या टेबलावर बसली आणि साहेब, जे सहसा धूळ खात पडलेल्या फायलींवरून रागावतात, ते स्वतःच पांढरे होऊन बाहेर आले.

मी मामाजींना विचारले, "मामाजी, ही कसली करवत?"

"करवत कायची सायेब? दात हायेत म्हून करवत म्हनाचं. हे लाकूड नाई न ते करवत नाई."

"पण कापते तर छान."

"कापंन नाई तं काय! दोन्ही अंगानं कापते ना ते."

मी पाते हातात घेऊन पाहिले. खरेच, दात्यांना दोन्हीकडून धार होती. या जातीच्या पुष्कळशा करवती ढकलतानाही कापतात आणि ओढतानाही. म्हणजे आमच्या पूर्वजांनी करवतीवर घेतलेला आळ शेकडो वर्षांनी एकदाचा खरा ठरला, आणि तो कशावर? तर खडूच्या पाटीवर! काउंटरवरच्या त्या चष्मेवाल्या गृहस्थांना ही बातमी मी अजून कळू दिलेली नाही.

मामाजी मात्र हसले नाहीत. ते खाली बसून धूळ झाडत होते. म्हणाले, "माह्या बापानं जलमभर आरा ओढला जी, जंगलात. खालचा मानूस होता तो. सागाच्या किती फळ्या काढल्या त्याचा हिशेब नाई. पन आमच्या घराले दार होतं बांबूच्या ताटीचं."

हे ऐकून मी आमच्या शाखेवर नजर टाकली. साहेबांचे टेबल प्लायवूडचे, वर सागाच्या रेषा छापलेला कागद चिकटवलेला. माझ्या फ्लॅटचे दारही तसेच. बिल्डरने माहितीपत्रकात 'टीक फिनिश' लिहिले होते. फिनिश म्हणजे संपले, हे मला त्या वेळी नीट लक्षात आले. सागाच्या देशात आम्ही सागाच्या चित्रासोबत राहतो. साग आम्हाला दिसतो तो ट्रकवर, आणि तोही पाठमोरा. २९ मार्च २०२३ रोजी बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागाची पहिली खेप निघाली, १८५५ घनफुटांची. मोठी मिरवणूक निघाली. आम्ही हौसेने गर्दीत उभे राहून हात जोडले. रामाच्या दाराला आमचे लाकूड लागले याचा अभिमान आम्हाला आहेच. आपल्या दाराला लागले नाही याची खंत करण्याइतके आम्ही कोते नाही. पण त्या गर्दीत आरा ओढणाऱ्यांची मुले-नातवंडेही उभी असतील, एवढे मनात आले.

गोष्टी हळूहळू बदलतही आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा लेखा या गोंड वस्तीच्या गावाला २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात हा मान मिळवणाऱ्या पहिल्या गावांत त्याचे नाव आहे. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. काय तोडायचे आणि किती, हे आता गाव बसून ठरवते. आणि सर्वांचे एकमत होईपर्यंत ठरत नाही म्हणे. आमच्या शाखेत पंख्याचा वेग किती असावा यावर एकमत होत नाही, त्या मानाने हे मला फार अवघड वाटते. पण दम खाण्याची ती जुनी सोय, जी आऱ्याबरोबर गेली होती, ती इथे निराळ्या रूपाने परत आली आहे. कापण्यापूर्वी थांबून बोलायचे.

आणि एक जागा अशी आहे, जिथे या घराण्यातल्या कोणालाच प्रवेश नाही. आलापल्लीजवळ सहा हेक्टरांचा एक तुकडा १९५३पासून राखून ठेवला आहे. 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' असे त्याचे भारदस्त नाव. २०१४ साली तो महाराष्ट्रातले पहिले जैवविविधता वारसास्थळ झाला. तिथे झाड म्हातारे होते, आपल्या आपण पडते आणि पडल्या जागी कुजून पुढच्या झाडाला खत होते. उंच सागाखाली उभे राहिले की माणूस आपोआप हळू आवाजात बोलायला लागतो, जसा तो एरवी फक्त देवळात आणि कर्जाच्या टेबलासमोर बोलतो.

झाडाच्या बुंध्यात दर वर्षी एक कडे वाढते, हे आपण शाळेत शिकलो. मी त्याला पासबुक समजतो. दर पावसाळ्याला एक नोंद, फक्त जमेची. चांगला पाऊस झाला तर रुंद नोंद, दुष्काळ पडला तर अरुंद, पण एकही वर्ष कोरे नाही. हे पासबुक वाचायचे तर करवत लावावी लागते, आणि करवत लावली की खाते बंद. म्हणून आलापल्लीच्या त्या सहा हेक्टरांतली शिल्लक किती, हे कोणालाच ठाऊक नाही आणि ठाऊक असायची गरजही नाही. एवढी मोठी ठेव, मुदत न ठरवता ठेवलेली, आमच्या अख्ख्या जिल्ह्यात दुसरी नाही. ती मुदतीपूर्वी मोडण्याचा अर्ज घेऊन उद्या कोणी माझ्या टेबलापाशी आला, तर मी त्याला बसवून घेईन, चहा पाजीन, फॉर्म तिन्ही प्रतींत भरायला लावीन, आणि सही जुळत नाही म्हणून परत पाठवीन.